कोठडीच्या दाराशी कायदा

हिराकोट तळ्याकाठी संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आपणां सर्वांना तो काळ्या दगडांचा कोट परिचयाचा आहे. आंग्र्यांच्या काळातली ही वास्तू. पुढे तिच्यात तुरुंग झाला, आणि आजही जिल्हा कारागृह तेथेच आहे. आपण भिंतीच्या बाहेरून बोलत बोलत जातो, मुलांना चणे-शेंगदाणे घेऊन देतो आणि घरी परततो. आत कोण आहे, कशासाठी आहे, ह्याचा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. आलाच तर 'काहीतरी केले असेल म्हणूनच आत आहे' एवढ्यावर तो थांबतो.

परंतु वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे सुमारे तीन माणसे अशी आहेत की ज्यांना अजून शिक्षा झालेलीच नाही. त्यांचा खटला चालू आहे, किंवा चालू व्हायचा आहे. त्यांना आपल्याकडे 'कच्चे कैदी' म्हणतात. शब्द किती बोलका आहे पाहा! कच्चे म्हणजे ज्याचा निकाल लागलेला नाही ते. पण समाजाच्या मनात मात्र तो माणूस धरला त्याच दिवशी पक्का झालेला असतो.

गेल्या वर्षी आपल्या मंडळात कायद्यावर एक व्याख्यान झाले. व्याख्यात्या बाई पोटगी आणि वारसाहक्क सांगत होत्या तोवर सर्वजणी माना डोलावत होत्या. आरोपीच्या हक्कांचा विषय निघाला तेव्हा मात्र मागल्या रांगेतून आवाज आला, "चोराला कसले हो हक्क? दोन लगावल्याशिवाय कुणी कबूल होतो का?" पुष्कळजणी हसल्या. प्रश्न विचारणाऱ्या काकू मनाने अत्यंत प्रेमळ आहेत, आणि त्यांच्या घरी खरोखरच चोरी झाली होती. त्यामुळे त्यांचा राग मला समजतो. तथापि त्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते उत्तर पुष्कळ जुने आहे. स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी चिटणीस बाईंची आज्ञा झाली, तेव्हा तेच लिहावे असे ठरविले.

'दोन लगावल्या की कबूल होतो' हे इंग्रज सरकारलाही चांगलेच ठाऊक होते. किंबहुना म्हणूनच त्यांना कायदा करावा लागला. १८५४ साली मद्रास इलाख्यात एक चौकशी समिती नेमली गेली होती. सारा वसूल करण्यासाठी आणि गुन्हा कबूल करून घेण्यासाठी रयतेचा कसा छळ होतो, हे त्या समितीने सरकारच्याच कागदावर लिहून ठेवले. पुढे १८७२ चा पुरावा कायदा आला. त्याच्या पंचविसाव्या कलमात स्पष्ट म्हटले होते की, पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. सव्विसावे कलम सांगत होते की, पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटासमोर दिलेली असेल तरच चालेल. आपल्या पोलिसांवर विश्वास नाही असे राज्यकर्त्यांनीच कायद्यात लिहून ठेवण्याचा हा प्रकार मोठा विलक्षण आहे. आणि गंमत अशी की, स्वराज्य आल्यावरही ही कलमे कुणी काढली नाहीत. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही तेविसाव्या कलमात तीच तरतूद कायम आहे.

अर्थात जुन्या कायद्यात एक फट होती आणि ती अजूनही आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, समजा परसातल्या माडाखाली पुरलेली पाटली निघाली, तर तेवढ्यापुरते त्याचे बोलणे पुराव्यात येते. ह्या फटीतून काठी आत शिरते. वस्तू 'सापडवण्या'साठीच मार दिला जातो, आणि मग पंचनाम्यावर सही करायला गावातली दोन माणसे आणली जातात. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरच्या पुरुषांनी कधी ना कधी अशा पंचनाम्यावर सही केली असेल. कागद वाचून किती जणांनी केली, ते त्यांनाच ठाऊक!

आपला जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. १९८१ साली त्याचे रायगड झाले. सरकारची काठी ह्या जिल्ह्याने चांगलीच पाहिलेली आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे, अक्कादेवीच्या रानात, जंगल सत्याग्रह करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्याच गोंधळात सरकारी मामलेदारही प्राणास मुकले. त्यानंतर गावोगाव धरपकड झाली. आगरी, कोळी, कातकरी घरांतून पुरुष उचलून नेले, म्हणजे मागे घरात काय उरते, हे त्या पिढीतल्या बायकांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

ह्याच जिल्ह्यातल्या महाडास १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह करणारे डॉ. आंबेडकर पुढे घटना समितीत मसुद्याचे काम पाहत होते. आता ज्याला आपण अनुच्छेद २१ म्हणतो, ते कलम तेव्हा पंधरावे होते. कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीखेरीज कुणाचाही जीव किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे त्यात आहे. ऐकायला चांगले वाटते. पण त्यात एक गोम होती. उद्या विधिमंडळाने वाटेल तशी पद्धत ठरवून दिली तर काय करायचे? अमेरिकेच्या राज्यघटनेत कायद्याची पद्धतही न्याय्य असली पाहिजे अशा अर्थाचे शब्द आहेत. आपल्या मसुद्यातून ते गाळले गेले होते. त्यावर घटना समितीत आणि बाहेर कडक टीका झाली. इतकी टीका दुसऱ्या कोणत्याही कलमावर झाली नसेल, असे खुद्द आंबेडकरांनीच सांगितले. मग १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी एक नवे कलम मांडले, आणि आधी जे हातून गेले त्याची ही भरपाई आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. तेच आजचे अनुच्छेद २२.

त्या कलमात तीन साध्या गोष्टी आहेत. धरलेल्या माणसाला का धरले ते लवकरात लवकर सांगायचे. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा. आणि चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटासमोर उभे करायचे; प्रवासाचा वेळ त्यातून वगळायचा. (प्रवासाचा वेळ वगळण्याचे कारण ज्यांनी धरमतरची खाडी तरीतून ओलांडून अलिबाग गाठले आहे त्यांना सांगायला नको.) ह्या चोवीस तासांचे मोल फार आहे. कारण माणसाचे जे काही वाईट व्हायचे ते बहुधा त्या पहिल्या रात्रीच होते. याखेरीज अनुच्छेद २० मध्ये असे आहे की, कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. गप्प बसणे हा गुन्हा नव्हे.

आता बायकांकडे वळते, कारण ह्या इतिहासातील सर्वांत मोठी दोन पाने महाराष्ट्रातल्या बायकांमुळे लिहिली गेली आहेत, आणि त्यांतली एकही श्रीमंताघरची नव्हती.

पहिली गोष्ट २६ मार्च १९७२ ची. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी रात्री जबानीसाठी आली होती. तिच्या भावानेच तक्रार केली होती. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले आणि तिला मागे ठेवून घेतले. पुढे जे झाले ते ठाण्याच्या आवारातच झाले. त्या मुलीचे नाव पुष्कळ पुस्तकांत छापलेले आहे, पण मी ते येथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने दोघा शिपायांना सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार केलेला दिसत नाही, त्या अर्थी तिची संमती असली पाहिजे, असा त्या निकालाचा एकूण सूर होता. रात्री, पोलीस ठाण्यात, बंद दाराआड, दोन शिपायांसमोर एका मजूर पोरीने प्रतिकार कसा करायचा, हे त्यात सांगितलेले नव्हते.

१९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी सर्वोच्च न्यायालयाला उघड पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे ते चौघे. न्यायालयाला असे जाहीर पत्र लिहिणे तेव्हा धाडसाचेच होते. ते पत्र हातोहात फिरले. १९८० साली मुंबईत, पुण्यात, नागपुरात बायका रस्त्यावर आल्या. अखेर १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाने आपल्या ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा आणि अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. आणि संबंध आल्याचे सिद्ध झाले व ती स्त्री 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात म्हणाली, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे कलम पुरावा कायद्यात घातले गेले. एवढे सगळे घडले, पण त्या मुलीच्या खटल्याचा निकाल मात्र फिरला नाही. चळवळीच्या विजयाचे वर्णन करताना लोक ही गोष्ट सांगायचे विसरतात.

दुसरी गोष्ट मुंबईची. शीला बर्से ह्या पत्रकार बाई. तुरुंगाच्या महानिरीक्षकांची परवानगी काढून मे १९८२ मध्ये त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पंधरांपैकी पाचजणींनी सांगितले की, पोलीस कोठडीत असताना आम्हांला मारहाण झाली. बर्से बाईंनी काय केले? वकील लावला नाही की मोर्चा काढला नाही. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. निर्मला निकेतन ह्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन, एकेका बाईशी एकांतात बोलून अहवाल देण्यास सांगितले. तुरुंगाचे अधिकारी जवळ उभे राहणार नाहीत ही त्यातली महत्त्वाची अट होती.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. मी तो वाचला आहे आणि मला त्यात सर्वांत आवडले ते असे की, त्यात मोठमोठे शब्द थोडे आणि घरातल्या कर्त्या बाईने कामे नेमून द्यावीत तशा सूचना पुष्कळ आहेत. शहरात बऱ्या वस्तीत चार-पाच कोठड्या केवळ स्त्रियांसाठी राखाव्यात आणि तेथे पहारा स्त्री-शिपायांचाच असावा. स्त्रीची चौकशी स्त्री-पोलिसाच्या हजेरीतच व्हावी. धरलेल्या माणसाला कारण ताबडतोब सांगावे, आणि जामीन मागता येतो हेही सांगावे. त्याच्या सांगण्याप्रमाणे नातेवाइकाला किंवा स्नेह्याला खबर द्यावी. जवळच्या कायदेविषयक मदत समितीलाही लगेच कळवावे. मुंबईत सत्र न्यायाधीशांनी, शक्य तर स्त्री न्यायाधीशांनी, न सांगता कोठड्यांना भेटी द्याव्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांनी करावे. म्हणजे आपल्या अलिबागेसही हे लागू झाले. आणि मॅजिस्ट्रेटाने समोर आणलेल्या प्रत्येकाला विचारावे की, तुला पोलिसांनी मारले का? वैद्यकीय तपासणी मागण्याचा तुला हक्क आहे, हेही त्यानेच सांगावे.

शेवटचा प्रश्न लहान दिसतो. पण शेजारी हवालदार उभा असताना 'काही तक्रार आहे का?' असे कुणी विचारले, तर घाबरलेला माणूस 'नाही साहेब' असेच म्हणणार. म्हणून कायदा असूनही ते विचारण्याची रीत महत्त्वाची असते.

आणखी एक सूचना होती: अटक झालेल्या माणसाचे हक्क इंग्रजी, हिंदी आणि मराठीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत. कोठडीतल्या माणसाला त्याच्या भाषेत त्याचे हक्क वाचता यावेत, ही कल्पना एका पत्रकार बाईच्या पत्रातून न्यायालयापर्यंत गेली. पुढे १९९६ साली डी. के. बसू यांच्या खटल्यात अटकेचा कागद करणे, त्यावर नातेवाइकाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही घेणे, पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करणे असे नियम झाले. तो खटलाही बसू यांनी १९८६ साली न्यायालयाला पाठवलेल्या पत्रावरूनच उभा राहिला होता.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकलेला 'सूर्यास्तानंतर बाईला अटक नाही' हा नियमही महाराष्ट्रातूनच गेला आहे. कोठडीतल्या एका मृत्यूवरून नागपूर खंडपीठापुढे प्रकरण गेले. खंडपीठाने तसा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्यात थोडी सैल केली, आणि अखेर २००५ च्या दुरुस्तीने तो देशाच्या कायद्यातच आला. आज तो असा आहे: सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करायची नाही, अपवादात्मक कारण असेल तर स्त्री-पोलिसानेच लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटाची पूर्वपरवानगी घ्यायची. त्याचप्रमाणे चौकशीसाठी म्हणून स्त्रीला ठाण्यावर बोलावता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यायचे. ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावले होते. १९७८ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याबद्दल पोलिसांना चांगलेच सुनावले. मुख्यमंत्रिपद भूषविलेल्या बाईची ही कथा, मग आपल्या घरी भांडी घासणाऱ्या मुलीचे काय?

काय होते ते मी पाहिले आहे. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही काही वर्षे दुसऱ्या गावी होतो. आमच्या आळीत एका घरातून सोन्याची साखळी गेली. संशय अर्थातच कामवाल्या मुलीवर. निरोप आला, 'नुसते विचारायला बोलावले आहे, चौकीवर पाठवा.' नोटीस नाही, कागद नाही. आमच्यातल्या एक वयस्कर शिक्षिकाबाई तिच्याबरोबर निघाल्या, मीही गेले. त्यांनी तेथे आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "हिला येथे बोलावल्याचा लेखी कागद दाखवता का? आणि चौकशीला बाई पोलीस कोण आहेत?" तेथे बाई पोलीस नव्हतीच. आम्हांला दोन तास बाकावर बसवून ठेवले आणि दिवेलागणीला घरी जा म्हणून सांगितले. तिच्या अंगाला कुणी हात लावला नाही. साखळी कधीच सापडली नाही. परंतु त्या मुलीची तीन घरची कामे सुटली ती सुटलीच. चौकीवरून परत आलेल्या मुलीला पुन्हा घरात कुणी घेतले नाही, आणि ह्याला काही पोलीस जबाबदार नव्हते.

मुंबईकडे भोळसट माणसाला 'अलिबागहून आलास का?' म्हणतात. ह्या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून आपल्याकडील एका गृहस्थांनी उच्च न्यायालयात अर्ज केला होता. २०१९ साली न्यायालयाने, असे विनोद सर्वांवरच होतात, मनावर घेऊ नका, अशा अर्थाने तो निकालात काढला. मलाही त्याचा राग येत नाही. मात्र पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, सबंध देश टी. व्ही. वर अलिबागचे न्यायालय पाहत होता, हे अलिबागकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ते प्रकरण आपल्याला माहीत आहे. येथल्याच एका गावी २०१८ साली एकाच घरातील आई व मुलगा ह्यांचा मृत्यू झाला. चिठ्ठीवरून गुन्हा नोंदला गेला, पुढे तपास बंद झाला, आणि २०२० साली तो पुन्हा उघडून ४ नोव्हेंबरला मुंबईहून एका वृत्तवाहिनीच्या संपादकाला अटक करून येथे आणले. पोलिसांनी पोलीस कोठडी मागितली. आपल्या येथील मुख्य न्यायदंडाधिकारी बाईंनी रात्री उशिरापर्यंत दोन्ही बाजू ऐकून ती नाकारली आणि न्यायालयीन कोठडी दिली. कोठडी कोठडीतला हा फरक मोठा आहे. पहिलीत माणूस तपास करणाऱ्यांच्याच हातात राहतो, दुसरीत तो न्यायालयाच्या हवाली असतो. आठवड्याभरात, ११ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला आणि २७ नोव्हेंबरच्या सविस्तर निकालात म्हटले की, एक दिवस जरी स्वातंत्र्य गेले तरी तो एक दिवस जास्तच आहे. खटल्याच्या खरेखोटेपणाबद्दल मी काही म्हणत नाही. पण दोन्ही बाजूंनी पाहता येते. धरलेल्याला वेळेवर न्यायालय हवे हे जितके खरे, तितकेच ज्या घरातली माणसे गेली त्या घराला तपास वेळेवर आणि नीट व्हायला हवा हेही खरे. दोन्ही हक्क त्याच एका कायद्यातून येतात. आणि आठवड्यात दिल्ली गाठणे सर्वांना जमत नाही. त्याच निकालात न्यायालयाने नोंदवले आहे की, तेव्हा जिल्हा न्यायालयांत जामिनाचे १,९६,८६१ आणि उच्च न्यायालयांत ९१,५६८ अर्ज पडून होते.

नव्या काळात काही चांगले झाले, काही सैल झाले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे लावण्याचा हुकूम दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका मोटार-अपघाताच्या खटल्यावरून असे ठरले की, अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तत्काळ जमले नाही तर निदान मॅजिस्ट्रेटासमोर नेण्यापूर्वी दोन तास तरी. उलट बाजूने, २०२४ पासूनच्या नव्या संहितेत पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सलग न घेता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. म्हणजे न्यायालयीन कोठडीत गेलेल्या माणसाला पुन्हा मागे ओढता येते. मला हे बरे वाटत नाही. जाणत्या वकिलांनाही वाटलेले नाही.

आता काकूंच्या प्रश्नाकडे. चोराला हक्क असतात असे कायदा म्हणतच नाही. धरलेला माणूस चोर आहे की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नसते, एवढेच तो म्हणतो. आणि मारून कबुली मिळाली तर खरा चोर आपल्या आळीतच मोकळा फिरत राहतो, हे काकूंना त्याच दिवशी चहाच्या वेळी सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते खरं, पण माझ्या पाटल्या कुठे गेल्या?" ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

एक उपयोगाची माहिती देऊन थांबते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसालाही तो मिळतो. आपल्या जिल्ह्याचे विधी सेवा प्राधिकरण अलिबागच्या जिल्हा न्यायालयातच आहे. अर्ज मराठीत केला तरी चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, तेथील माणसाने तो लिहून घ्यायचा असतो.